लेक स्टुटगार्टला, फोनवर बोलायचं तरी काय? (आणि भाच्याच्या बॅगेत काय घालू?)

कृष्णाकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, म्हणजे पोरांपुढं तासन्‌तास बोलायची सवय. पण स्वतःच्या लेकीपुढं फोनवर पाच-दहा मिनिटांत माझे विषय संपतात, म्हणून इथं विचारते.

लेक आणि जावई स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल. उन्हाळ्यात आमचे रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे दुपारचे साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागं जातं, की मग साडेतीन. (घड्याळ मागं नेऊन तिथल्या सरकारला मिळतं काय, हे आमचे हे दरवर्षी विचारतात. जावई दरवर्षी समजावून सांगतात.)

कॉल असा चालतो. जेवलीस का? हो. थंडी आहे का? आहे. बाबांची शुगर? बरी आहे. नातू येतो, "आजी हाय" म्हणतो, पळतो. मग आम्ही एकमेकांकडं बघत बसतो. तेही नीट नाही, कारण ह्यांना फोन सरळ धरता येत नाही आणि लेकीला तिकडं फक्त आमचा पंखा दिसतो. "चल मग, ठेवू?" कोण आधी म्हणणार, एवढंच उरतं.

गंमत म्हणजे पावसाळ्यात असं होत नाही. कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला की पोरगी ऑफिसातून मेसेज करते, आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे तिला पाढ्यासारखं पाठ. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही माझ्या भावाकडं विट्याला होतो आणि ती तिकडं जागी. त्या दिवसांत आम्ही काय काय बोललो! शेजारच्या वहिनींनी म्हैस कुठं बांधली, कुणाच्या जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, चटणीची बरणी माळ्यावर ठेवली का. पाणी उतरलं आणि बोलणंही आटलं. आता पूर यावा असं म्हणायचं का मी?

दुसरं. दिवाळीच्या आधी भाचा कामासाठी फ्रँकफुर्टला चाललाय. बॅगेत पाच किलोची जागा देतो म्हणालाय. माझ्या मनात आहे ते असं: कांदा-लसूण चटणी (मे महिन्यात डंकावर कुटून आणलेली, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी), भडंग, शेंगदाण्याची चटणी, घरचं साजूक तूप, पेढे, कढीपत्ता, अनारशाचं पीठ, खोबऱ्याच्या चार वाट्या. एक जण सांगतो सगळं जातं, दुसरा सांगतो विमानतळावर सगळं काढून टाकतात. खरं काय?

वेंगुर्लेकर

बाई, नमस्कार. आधी बॅगेचं विचारतो. भाचा थेट जातोय की दुबई-अबुधाबीवरून? आखाती मार्गाने जाणार असेल तर खसखस नावालाही नको. अमिरातीत खसखस अमली पदार्थात धरतात, सिंगापूरलाही तेच. आपल्या घरात ती मसाल्यात आणि अनारशावर असते, त्यामुळे कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझा भाऊ दुबईत आहे. आई त्याच्यासाठी मालवणी मसाला वेगळा करते, खसखशीशिवाय, आणि डब्यावर खडूने फुली मारते. दरवर्षी "चव नाय येवक" म्हणून कुरकुर करते, पण करते.

आता बोलण्याचं. आमचं उलट आहे, आम्हाला कॉलच करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल तिकडे लागत नाही, दुसरं अ‍ॅप आहे पण ते आईला जमत नाही. व्हॉइस मेसेज मात्र जातात. त्यामुळे आई सकाळी बाजारातून आली की चुलीवर चहा ठेवून मेसेज सोडते, "मेल्यांनी आज बांगडे दोनशेक चार लावल्यानी!" एवढाच. भाऊ संध्याकाळी दुबईतल्या देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमधून त्याचा भाव पाठवतो. मग आई रुपयांत हिशेब करून त्याला तरी शिव्या घालते नाहीतर इथल्या कोळणीला. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुक्या बाजाराचे भाव. त्यात "कसा आहेस", "बरा आहे" कुठेच नसतं. पण भाऊ आजारी पडला की आई ओळखते, कारण त्या दिवशी माशाचा भाव येत नाही.

हळद_हायडेलबर्ग

काकू, मी तुमच्या लेकीपासून फार लांब नाही, नेकर नदीच दोन्ही गावांतून वाहते. माहेर पुणे.

आधी सामान. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा गेले, आणि तूपही दुधाचंच, म्हणून तेही गेलं. "मी नेलं होतं, कुणी विचारलं नाही" असं सांगणारे दहा जण भेटतील. ज्याची बॅग उघडतात तो भेटत नाही. ताजी फळं, भाज्या, पानं यांना डिसेंबर २०१९ पासून सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच. म्हणजे ताजा कढीपत्ता पाठवायचा विचार सोडा, इथल्या दुकानांत मिळतो. खोबऱ्याच्या वाट्या मुंबईतच अडकतील. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल पाठवा. अनारशाचं पीठही. खसखस इथे मुबलक आहे, रंग निळसर-काळा. बेकरीत पावावर पेरलेली असते आणि तिचा केकही करतात. दिसायला अनारसे विचित्र होतील, चवीला नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमचा रविवारचा कॉल बसून चालतो, तिथेच घोटाळा आहे असं मला वाटतं. समोरासमोर बसून, कॅमेऱ्याकडे बघत, तयारीने बोलायला घेतलं की नोकरीची मुलाखत होते. आम्ही शनिवारी बोलतो, माझे सकाळचे साडेआठ आणि आईचे दुपारचे बारा. आई फोन तुरीच्या डब्याला टेकवते आणि स्वयंपाक करत राहते. मीही ओट्याशीच असते. बोललं पाहिजे असं काही नाही. कुकरच्या शिट्ट्या होतात, ती कुणावर तरी ओरडते, मध्येच विचारते, "ते काय पांढरं?" ते क्वार्क असतं, इथलं चक्क्यासारखं मऊ ताजं चीज. पाडव्याला श्रीखंडासाठी मी तेच वापरते, डब्यावर ४० टक्के लिहिलेलं घ्यायचं आणि रात्रभर फडक्यात टांगायचं. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "चक्का नव्हे, पण चालेल." आता ती सोसायटीत सगळ्यांना क्वार्कवर व्याख्यान देते. इथल्या पिठांना नंबर असतात, ४०५ म्हणजे साधारण आपला मैदा, हेही तिला माहीत आहे. पुरणपोळी फुटली की आधी विचारते, नंबर कोणता घेतलास?

एक कडू गोष्ट सांगते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय "शुगर बरी आहे". बरी म्हणजे किती? माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली, हे मला आतेबहिणीच्या स्टेटसवरून कळलं. "तू तिकडे काळजी करत बसली असतीस" म्हणे. त्यानंतर आई "सगळं छान" म्हणाली की मला धडधडतं. आणि खरं सांगायचं तर माझी नोकरी गेली तेव्हा मीही घरी कितीतरी दिवस सांगितलं नाही. तीही शिकवण घरचीच. दोन्हीकडून फक्त चांगलं-चांगलं सांगायचं ठरलं, की सांगण्यासारखं थंडी आणि जेवण एवढंच उरतं. तुम्हाला पुरात बोलायला सुचलं ते पुरामुळे नाही, त्या दिवसांत लपवायला कुणाला वेळ नव्हता म्हणून.

काकांचा आकडा सांगा तिला. ती भांडेल. भांडू दे.

निवृत्त_डोंबिवली

सगळे फारच जोर लावताहेत. माझा मुलगा ह्यूस्टनला. आम्ही दोघेही कमी बोलणारे, तो इथे शेजारच्या खोलीत होता तेव्हाही आमचं बोलणं "दार लाव" एवढंच होतं. साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक पडला म्हणून आता गप्पा फुटतील कुठून? आठवड्याला हजेरी घेऊ नये.

मात्र माझं वीजबिल तो तिथून भरतो. मी बिलाचा फोटो पाठवतो, तो युनिट बघतो, विचारतो गीझर बिघडला का, पाहुणे होते का. त्या निमित्ताने घरातलं सगळं निघतं. ऑनलाइन भरणं मला शिकवायला त्याने दोनदा घेतलं. मला येतं. मी शिकत नाही.

कृष्णाकाठची_बाई

डोंबिवलीकर, तुम्ही भारी आहात. आमच्या ह्यांना तुमचा निरोप वाचून दाखवला, ते म्हणाले, "बघ, शहाणा माणूस."

हायडेलबर्गच्या ताई, राग नाही आला. आला थोडा, पण दुपारपर्यंत गेला. रविवारी फोन ओट्यावर ठेवला, मागं मिठाची बरणी. भरली वांगी करत होते. लेकीनं आधी विचारलं, "आई, फोन पडलाय का? तू दिसत नाहीस." म्हटलं, मी कामात आहे, तूही काम कर. तिनं कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मध्ये बराच वेळ कुणी काही बोललं नाही आणि कुणाला ते टोचलं नाही. नातवानं मात्र वांग्याला काटे असतात हे पहिल्यांदा पाहिलं, तो हललाच नाही. तिकडची वांगी म्हणे दुधीएवढी आणि गुळगुळीत.

मग मी आकडा सांगितला. जेवणानंतर २१२. पुढं जे झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की बाप-लेकीचं पाऊण तास चाललं. रात्रीचा भात, दुपारची जिलेबी (ही मलाही माहीत नव्हती), बंद पडलेलं फिरणं, सगळं बाहेर आलं, आणि पहिल्यांदाच ह्यांनी फोन सरळ धरला होता. शेवटी लेक रडवेली होऊन म्हणाली, की तिच्याही खांद्याचं दुखणं चार महिन्यांचं आहे, उपचार चालू आहेत. हे मला कधी सांगणार होतीस? "तू विचारलंस कुठं, तू जेवलीस का एवढंच विचारतेस." काय बोलणार.

आता बॅगेचं. भाचा अबुधाबीवरूनच चाललाय, तिकीट स्वस्त पडलं म्हणे. आणि यंदाच्या चटणीत खसखस आहे, कुटतानाच घातलेली, वेगळी काढायचा प्रश्नच नाही. वेंगुर्लेकर, थोडीशी असेल तर?

वेंगुर्लेकर

बाई, थोडी नाही आणि जास्त नाही. भाच्याला विमान बदलायचं आहे तिथे. चटणी घरी ठेवा. मुंबईहून फ्रँकफुर्टला थेट विमानं आहेत, त्याने जाणारं कुणी मिळेल तेव्हा द्या.

हळद_हायडेलबर्ग

नाहीतर तिला तिथेच करायला लावा. ब्याडगी मिरची इथे भारतीय दुकानात सुकी मिळते, मिक्सर तिच्याकडे असेलच. थोडीच करायची. कांदा उन्हात वाळायची वाट बघू नये, ओव्हनमध्ये मंद ठेवायचा. खिडक्या उघड्या ठेवायला सांगा, माझ्याकडे मिरच्या भाजताना धुराचा अलार्म वाजला आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा पायजम्यावर खाली आले होते.

कृष्णाकाठची_बाई

शनिवारी करायचं ठरलंय. तिच्याकडं ब्याडगी नाही, काश्मिरी आहे, म्हणजे रंग येईल आणि तिखट येणार नाही. संकेश्वरी मुठभर भाच्यासोबत पाठवते, सुकी मिरची चालते ना हे कुणीतरी नक्की सांगा. खसखस ती तिथली काळी घालणार म्हणते. ह्यांनी आधीच जाहीर केलंय की काळी चटणी ते खाणार नाहीत. तिकडं जाऊन खायची कुणी सांगितली होती?

तूप, पेढे, कढीपत्ता, खोबरं निघालं. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि अनारशाचं पीठ धरूनही दीड किलो उरतोय. जावयांनी पोळपाट मागवलाय. लेक म्हणते हलका, स्टीलचा पाठव. जावई म्हणतात सागवानीच पाहिजे, स्टीलवर पोळी सरकते. आमच्या घरात आजतागायत जावयांनी पोळी लाटलेली मी पाहिलेली नाही, त्यामुळं शनिवारी तेही बघून घेणार आहे.