विमानप्रवासात पूलची क्यू सुरक्षित कशी न्यावी?

तिसरी_उशी यांचा प्रश्न:

नमस्कार. पुढच्या महिन्यात एका स्पर्धेसाठी मला विमानाने जायचे आहे आणि वाटेत एकदा विमान बदलावे लागणार आहे. माझ्याकडे पूल या टेबलावरच्या खेळाची, नेहमी खेळण्याची एक क्यू (चेंडूला फटका मारण्याची काठी) आहे, दोन भागांची: मेपल लाकडाचा शाफ्ट, म्हणजे पुढचा बारीक भाग, आणि बट, म्हणजे मागचा जाड भाग; प्रत्येक भाग २९ इंचांचा. शिवाय ब्रेकसाठी, म्हणजे डाव उघडणाऱ्या जोरदार फटक्यासाठी, एक साधी क्यू आहे. मागच्या प्रवासात मी खेळण्याची क्यू मऊ पिशवीत घालून कपड्यांच्या बॅगेत ठेवली होती. उतरल्यावर बॅग बाहेरून धडधाकट होती, पण फेरूलला (शाफ्टच्या टोकाशी, टिपेखाली बसवलेल्या कड्याला) केसाएवढा बारीक तडा गेला होता आणि बटच्या जॉइंटची, म्हणजे दोन भाग जोडण्याच्या जागेची, कॉलर (कडे) सैल झाली होती. दिसायला काहीच नव्हते. पहिला फटका मारला तेव्हा नेहमीच्या ‘टक्’ऐवजी हाताला कुरकुरल्यासारखे जाणवले, तेव्हा लक्षात आले.

त्यामुळे आता विचारून घेतो. क्यू सोबत केबिनमध्ये नेता येते का? येत नसेल, तर कडक केस घेऊन ती स्वतंत्र सामान म्हणून द्यावी, की मोठ्या बॅगेच्या आत ठेवावी? आणि विमानाच्या पोटातील थंडीने किंवा हवेच्या दाबाने शाफ्ट वाकतो, असे क्लबात सगळेच सांगतात, त्यात तथ्य किती?

---

खडूवाला यांचे उत्तर:

केबिनचा विषय आधी संपवतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या यादीत पूलची क्यू केबिनमध्ये नेण्यास स्पष्ट मनाई आहे आणि चेक-इन सामानात परवानगी आहे. मार्च २०१३ मध्ये त्यांनी लहान चाकू, हॉकी स्टिक यांच्याबरोबर क्यूलाही केबिनमध्ये मुभा देण्याचे जाहीर केले होते. विरोध झाल्यावर जूनमध्ये तो बेत मागे घेतला. आपल्या खेळाचे सुख तीन महिनेच टिकले, तेही कागदावरच. ब्रिटनच्या सरकारी यादीत मात्र क्यू हातातील सामानात चालते. म्हणजे जाताना मिळालेली मुभा येताना मिळेलच असे नाही, आणि यादीत काहीही लिहिलेले असले तरी तपासणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा असतो. तिथे नकार मिळाला आणि मोठे सामान आधीच पट्ट्यावरून गेलेले असले, तर क्यू तिथेच सोडण्याची पाळी येऊ शकते. म्हणून क्यू चेक-इन सामानातच जाणार असे धरून तयारी करावी.

आता तुमच्या मागच्या नुकसानीबद्दल. तुम्ही म्हणता बॅग बाहेरून धडधाकट होती. मला वाटते उत्तर त्यातच आहे. क्यू बाहेरच्या माराने मोडली नाही, ती आतल्या आत हलली. बटचे वजन सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम असते आणि शाफ्टचे जेमतेम सव्वाशे. बॅग उभी आपटली की बट केसमध्ये हातोडीसारखा खाली सरकतो आणि तो सगळा भार जॉइंटच्या पिनेवर आणि कॉलरवर येतो. शाफ्ट टिपेकडून खाली सरकला तर धक्का फेरूलवर बसतो, आणि तिथे शाफ्टची जाडी अवघी १२-१३ मिलिमीटर असते. तुमचे दोन्ही बिघाड नेमके याच दोन जागांचे आहेत.

तेव्हा कडक केस अवश्य घ्यावी, पण ती विकत घेऊन काम संपत नाही. दोन्ही भागांना स्क्रूने बसणारी जॉइंटची टोपणे लावावीत, प्रत्येक भाग स्वतंत्र कप्प्यात ठेवावा आणि कप्प्याच्या तळाशी व झाकणाच्या आत स्पंजाचे तुकडे असे बसवावेत, की झाकण लावताना ते किंचित दाबले जातील. मग केस बंद करून कानाशी धरावी आणि हळूच उलटी-सुलटी करावी. आतून पुसटसा ‘टुक’ असा आवाज आला तरी पुन्हा उघडून स्पंज वाढवावा. मी हे घरातून निघताना करतो आणि परतीच्या वेळी पुन्हा करतो, कारण दाबलेला स्पंज चार दिवसांत चपटा होतो.

ही केस मोठ्या बॅगेत मावत असेल तर आतच ठेवावी. सडपातळ, हलकी आणि पट्टे लोंबणारी वस्तू सरकत्या पट्ट्यावर एकटी गेली की पट्टे अडकतात आणि तिच्यावर जड बॅगा येऊन पडतात. शिवाय आत काहीतरी मौल्यवान आहे, हे तिच्या आकारावरून कोणालाही कळते. बॅगेत ती मधोमध ठेवावी आणि चारही बाजूंनी कपडे दाबून भरावेत. कडेला ठेवल्यास चाकांच्या बाजूचा प्रत्येक धक्का तिलाच बसतो.

आणखी एक गोष्ट. तपासणीसाठी बॅग तुमच्या पाठीमागे उघडली जाऊ शकते आणि उघडणारा माणूस ती घाईतच बंद करणार. म्हणून क्यूचे संरक्षण कपड्यांच्या घड्यांवर अवलंबून ठेवू नये. ते केसच्या आतच पूर्ण झालेले असावे. मी केसच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवतो: ‘खेळाचे साहित्य, कृपया प्रत्येक भाग त्याच्या कप्प्यातच ठेवावा.’ वाचतात की नाही कोण जाणे, पण माझे भाग आजवर आपापल्या कप्प्यात परत आले आहेत. टिपेला घासायचा चॉक (खडू) मात्र वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. एकदा माझे पांढरे शर्ट निळसर होऊन उतरले होते.

---

रंधा यांचे उत्तर:

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझा दिवस लाकडाबरोबरच जातो. दाबाची भीती निराधार आहे. प्रवासी विमानात सामानाच्या कक्षातही केबिनइतकाच दाब राखलेला असतो, म्हणजे फार तर २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका. त्या उंचीवर लोक राहतात आणि त्यांच्या घरची लाकडी दारे काही दाबामुळे वाकत नाहीत.

लाकूड वाकते ते ओलाव्यातल्या फरकाने. धाग्याच्या दिशेने ते जवळजवळ मुळीच वाढत-घटत नाही. आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, आणि एक बाजू दुसरीपेक्षा लवकर सुकली की शाफ्टला बाक येतो. विमानातील हवा फार कोरडी असते हे खरे, पण बंद केसमध्ये काही तासांत लाकडाच्या गाभ्यापर्यंत विशेष काही पोहोचत नाही. त्यापेक्षा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत विसरलेली केस कितीतरी धोक्याची: तिथे लाकूडही सुकते आणि टिपेचा व फेरूलचा गोंदही मऊ पडतो.

मुक्कामी पोहोचल्यावर लगेच केस उघडून सराव करण्याचा मोह आवरावा. थंड झालेली क्यू दमट हवेत एकदम बाहेर काढली तर चष्म्यावर धरते तशी तिच्यावर वाफ धरते. केस तासभर बंदच ठेवावी, मग उघडावी. आणि खोलीत क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये. रात्रभर तशी राहिली तर तो बाक विमानाच्या माथी मारला जातो.

कार्बन फायबरच्या शाफ्टला ओलाव्याची चिंता नाही, असे कोणीतरी सांगेलच. ते खरे आहे, पण त्याच्या मागचा बट बहुधा लाकडीच असतो आणि कार्बनला कडेवर बसलेल्या घावाने चीर जाऊ शकते. स्पंज त्यालाही हवाच.

---

अखंड५८ यांचे उत्तर:

दोन भागांची क्यू असणाऱ्यांना आपण किती सुखी आहोत हे ठाऊक नसते. मी स्नूकर खेळतो आणि माझी क्यू एकाच अखंड ॲशच्या लाकडाची, ५८ इंचांची, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर आहे. बहुतेक विमान कंपन्या चेक-इन बॅगेसाठी लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा ठेवतात. क्यूवर नळी चढवली की ती ओलांडली जाते. त्यामुळे खेळाचे साहित्य म्हणून आधीच नोंद करावी लागते आणि सामान मोठ्या आकाराच्या वस्तूंच्या खिडकीवर द्यावे लागते. तिथे ते निदान माणसाच्या हातून पुढे जाते, हाच काय तो फायदा. मी जाड भिंतीची प्लॅस्टिकची नळी वापरतो, दोन्ही टोकांना स्पंज भरतो आणि झाकणांवर चिकटपट्टीचे दोन वेढे देतो. एका प्रवासात झाकण वाटेतच निघाले होते. क्यू आत राहिली ती केवळ स्पंज घट्ट होता म्हणून.

---

पावती_जपा यांचे उत्तर:

नुकसान झालेच तर काय, यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक देशांमध्ये १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. सामानाचे नुकसान झाल्यास तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी करावी लागते. तुमचा तडा पहिल्या फटक्यानंतर लक्षात आला. तो दहाव्या दिवशी लक्षात आला असता तर दावा तिथेच संपला असता. त्यामुळे पोहोचल्या दिवशीच शाफ्ट उजेडासमोर धरून फेरूल आणि कॉलर तपासावी, आणि काही दिसले तर शक्य तितक्या लवकर नोंद करावी. विमानतळावरच दिसले तर बाहेर पडण्यापूर्वी सामानाच्या काउंटरवर.

भरपाईला कमाल मर्यादा आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ स्पेशल ड्रॉइंग राइट्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. क्यू त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी किमतीची विशेष घोषणा करून जादा शुल्क भरण्याची सोय करारात आहे. वस्तूच्या मूळ दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी मात्र कंपनीवर येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी टिप, फेरूल, जॉइंट आणि भरलेली केस यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, खरेदीची पावती जवळ असावी.

ज्यांच्याकडे जुनी क्यू आहे त्यांनी आणखी एक पाहावे. जुन्या महागड्या क्यूंचे फेरूल, जॉइंट किंवा बटवरील नक्षी हस्तिदंताची असू शकते. हस्तिदंताची सीमापार ने-आण साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार कडक नियमांखाली येते आणि कागदपत्रांशिवाय अशी क्यू जप्त होऊ शकते. अशी क्यू घरी ठेवून दुसरीने खेळलेले बरे.

---

तिसरी_उशी यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री टेप घेऊन बसलो. माझी मोठी बॅग आतून २६ इंच उंच आणि १७ इंच रुंद आहे, म्हणजे कर्ण जेमतेम ३१ इंच. टोपण लावलेला २९ इंचांचा भाग तिरका मावतो, पण कडक केस बाहेरून ३३ इंचांची आहे, ती मावत नाही. दोन्ही क्यूंचे चार भाग केसशिवाय, मोज्यांमध्ये गुंडाळून तिरके ठेवले तर चालेल का?

---

खडूवाला यांचे उत्तर:

ब्रेकची क्यू तशी न्या. खेळण्याची नेऊ नका. तीच चूक मागच्या वेळी झाली होती, मोजे नव्हते एवढाच फरक. खेळाच्या साहित्यासाठी मिळणारी लांबट, चाकांची आणि भक्कम तळाची थैली घ्या. ३३ इंचांची केस तीत सरळ बसते, भोवती कपडे भरता येतात आणि तीन बाजूंची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत ठेवता येते. ब्रेकच्या क्यूचे दोन भाग केसला बाहेरून बांधू नका, ते कपड्यांच्या घडीत वेगळे ठेवा. आणि निघण्यापूर्वी फेरूल बदलून घेतले असेल, तर गोंद पुरता वाळल्यावर निदान दोन दिवस त्याच क्यूने खेळून पाहा. स्पर्धेच्या टेबलावर नवे फेरूल पहिल्यांदा वापरू नका.