शर्यतीच्या होमर कबुतरांचा पूरक आहार: नेमके काय द्यावे आणि केव्हा?

ढाबळ_सांगली यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या ढाबळीत (कबुतरांच्या खुराड्यात) होमर, म्हणजे दूर नेऊन सोडल्यावर घरी परतणाऱ्या, जातीची तीसेक कबुतरे आहेत आणि येत्या हिवाळ्यातील शर्यतींसाठी त्यांतील निवडक पक्ष्यांची तयारी सुरू आहे. सुरुवातीचे टप्पे शे-दीडशे किलोमीटरचे असतात, शेवटची शर्यत मात्र चारशेच्या पुढे जाते. जवळच्या टप्प्यांत सर्वांत पुढे असणारे पक्षी लांबच्या शर्यतीत उशिरा येतात, आणि हातात घेतल्यावर छातीचे हाड बोटाला टोचते. दाणा म्हणून मका, बाजरी, वाटाणा आणि मसूर असतो, तोही आठवडाभर एकाच प्रमाणात.

दुकानदाराने जीवनसत्त्वांचे थेंब, कॅल्शियमचे द्रावण, यकृताचे टॉनिक, चरबी जाळण्यास मदत करणाऱ्या कार्निटिनचे सिरप आणि क्षारांची इलेक्ट्रोलाइट पावडर असा संच सुचवला आहे. आमच्याकडचे जुने उस्ताद भिजवलेले बदाम आणि तूप-गूळ द्यायला सांगतात. यांपैकी खरोखर गरजेचे काय आहे, ते आठवड्यातून कोणत्या दिवशी द्यावे आणि सगळे एकाच भांड्यातील पाण्यात मिसळले तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

करडई_बाजरी यांचे उत्तर

आपल्या वर्णनावरून मला तरी ही उणीव बाटलीतली नसून दाण्यातली वाटते. कबुतर लांबचे अंतर कापते ते मुख्यतः चरबी जाळून. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात कबुतराच्या छातीच्या स्नायूंचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. बारीक, लाल तंतूंमध्ये चरबीचा साठा असतो आणि जाड, फिकट तंतूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा. झेप घेण्यासाठी आणि थोड्या वेळाच्या जोरासाठी ग्लायकोजेन उपयोगी पडते, परंतु तासन् तास पंख मारत राहण्याचे काम लाल तंतू करतात. शंभर किलोमीटरला पुरणारा पक्षी चारशेला का कमी पडतो, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

आपल्या मिश्रणात तेलबियाच नाहीत. मक्यात तेल चार टक्क्यांच्या आसपास, बाजरीत पाचेक टक्के, आणि वाटाणा व मसूर यांत तर नाममात्र असते. याउलट करडईच्या दाण्यात साधारण ३० टक्के आणि शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. सांगली-सोलापूरच्या पट्ट्यात करडई सहज मिळते, तिच्यासाठी परदेशी पाकिटाची वाट पाहण्याचे कारण नाही. बदामातही निम्म्याच्या आसपास तेल असल्यामुळे उस्तादांचा सल्ला मुळात चुकीचा नाही, पण तेच काम कच्चा, बिनखारा शेंगदाणा निम्म्याहून कमी खर्चात करतो. तूप-गूळ मात्र मी देत नाही, कारण गुळाची साखर लवकर संपते आणि तुपाने पक्षी जड होतो.

आठवड्याची मांडणी मी अशी करतो. शर्यतीहून आल्यावर पहिले दोन दिवस हलका दाणा, म्हणजे बाजरी, ज्वारी आणि मिळाल्यास थोडे सातू. त्यानंतर झिजलेले स्नायू भरून येण्यासाठी मूग किंवा वाटाणा वाढवतो, कारण दोन्हींत वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. पक्षी शर्यतीला नेण्यासाठी टोपलीत भरण्याच्या तीन दिवस आधीपासून डाळी कमी करून मका आणि करडई वाढवतो, आणि शेवटच्या दोन दिवशी संध्याकाळच्या दाण्यानंतर प्रत्येक पक्ष्याला चार-सहा शेंगदाणे हातावर देतो. जवळच्या टप्प्यासाठी एवढे तेल देऊ नये, पक्षी ढाबळीतच सुस्तावतो. एकूण दाणा दिवसाला पक्ष्यामागे ३० ते ४० ग्रॅमच्या दरम्यान असावा. सकाळच्या उडीनंतर पक्षी हातात घेऊन छाती चाचपली म्हणजे आकड्यांपेक्षा अधिक कळते: स्नायू गोल आणि उसळता लागला पाहिजे आणि पिसे फुंकरून बाजूला केल्यावर कातडी गुलाबी, कोंडारहित दिसली पाहिजे.

एक गोष्ट आवर्जून तपासावी. पावसाळ्यात साठवलेला मका आणि शेंगदाणा यांना बुरशी धरते आणि तिच्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताचे नुकसान करते. मक्याचा दाणा फोडून कोंबाची बाजू पाहावी. ती काळपट असेल किंवा कुबट वास येत असेल, तर ते पोते ढाबळीत आणूच नये, कारण धुऊन किंवा वाळवून ते विष जात नाही. यकृताच्या टॉनिकाचे पैसे कोरड्या, ताज्या दाण्यावर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे.

पशुवैद्य_निवृत्त यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. जीवनसत्त्वांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुधा तिथेच होते.

क जीवनसत्त्व कबुतर स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, त्यामुळे निरोगी पक्ष्याला ते रोज देण्याची गरज नसते. कार्निटिनही शरीर लायसिन आणि मेथिओनिन या प्रथिनांच्या घटकांपासून बनवते, म्हणून मूग-वाटाणा पुरेसा खाणाऱ्या पक्ष्यासाठी त्या सिरपवर खर्च करावा असे मला वाटत नाही. कबुतराला पित्ताशय नसते, यकृतातील पित्त थेट आतड्यात उतरते. तेव्हा ज्या टॉनिकाच्या वेष्टनावर पित्ताशय मोकळे होते असे लिहिले असेल, ते कबुतर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाही हे समजून घ्यावे.

अ आणि ड ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळणारी असल्याने शरीरात साठत जातात. ड चा मारा रोज केला तर कॅल्शियम मूत्रपिंडात साचू लागते, आणि पक्षी पाणी जास्त पिऊन दिवसेंदिवस वाळत जातो. पक्ष्यांना ड२ फारसे उपयोगी पडत नाही, ड३च लागते, आणि ज्या ढाबळीत सकाळचे ऊन जाळीतून थेट आत येते तिथे ते पक्ष्याच्या शरीरातच तयार होते. कॅल्शियमच्या द्रावणाऐवजी शिंपल्यांचा चुरा असलेली ग्रिट (बारीक खडी) बाराही महिने वेगळ्या भांड्यात ठेवावी. दाण्यात कॅल्शियम फार थोडे असते, आणि अंडी घालणाऱ्या मादीला त्याची सर्वाधिक गरज भासते.

ब गटाची गोष्ट वेगळी आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या कॅसिमिर फुंक यांनी लंडनमध्ये कोंडा काढलेल्या, पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांची मान मागे वळून ती लुळी पडताना पाहिली आणि तांदळाच्या कोंड्याच्या अर्काने ती बरी केली. ‘व्हिटॅमिन’ या संज्ञेचा उगम असलेला शब्द त्यांनीच १९१२ मध्ये सुचवला. आजही केवळ पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या पक्ष्यात हीच लक्षणे दिसू शकतात. कॉक्सिडिया या आतड्यातील परजीवींसाठी दिले जाणारे अॅम्प्रोलियम हे औषध ब१ सारखीच रचना असल्यामुळे काम करते. औषध चालू असताना ब जीवनसत्त्व दिले तर औषधाचा प्रभाव घटतो, आणि औषध गरजेपेक्षा अधिक दिवस दिले तर पक्ष्यातच ब१ ची उणीव होते. म्हणून आधी औषधाचे दिवस पूर्ण करावेत आणि मगच ब गट द्यावा. एरवी आठवड्यातून एकदा, पिसे झडण्याच्या काळात दोनदा, किलोभर दाण्याला चहाचा एक चमचा तेल चोळून त्यावर ब्रूअर्स यीस्ट (ब जीवनसत्त्वे असलेली यीस्टची पूड) लावले तर पुरते.

सर्व द्रावणे एकाच पाण्यात मिसळू नयेत. ब२ उजेडात नष्ट होते आणि खनिजांबरोबर काही जीवनसत्त्वे टिकत नाहीत. औषधी पाणी सकाळी भरावे, सावलीत ठेवावे आणि संध्याकाळी ओतून द्यावे.

ढाबळ_सांगली

डॉक्टरसाहेब आणि करडई_बाजरी, आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. दोन शंका उरतात. शर्यतीहून परतल्यावर इलेक्ट्रोलाइट किती वेळ ठेवावे? आणि आमच्याकडे पाण्यासाठी तांब्याचे पसरट भांडे आहे, त्यात सफरचंदाचा सिरका घातला तर चालेल का?

पशुवैद्य_निवृत्त

सिरका तांब्याच्या भांड्यात कदापि घालू नये, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीतही नको. आम्लामुळे धातू पाण्यात उतरतो आणि त्याची विषबाधा होते. प्लास्टिकचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे आणि लिटरमागे चहाच्या एका चमच्यापेक्षा अधिक सिरका घालू नये.

इलेक्ट्रोलाइटबाबत एक फरक लक्षात घ्यावा. माणूस घाम गाळतो आणि घामाबरोबर मीठही गमावतो. कबुतराला घामाच्या ग्रंथीच नसतात, त्याचे पाणी श्वासावाटे आणि कातडीतून वाफेने जाते. म्हणून परतलेल्या पक्ष्याची पहिली गरज साधे, स्वच्छ पाणी हीच असते. उन्हात फार ताणलेल्या पक्ष्याला त्यानंतर त्या दिवसापुरते सौम्य इलेक्ट्रोलाइटचे पाणी द्यावे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा साधे. मिठाचे पाणी दिवसेंदिवस चालू ठेवणे पक्ष्याला घातक ठरते.

मिरज_होमर

या चर्चेत एक भर घालतो. दुकानातून बिननावाच्या बाटल्या घेऊ नयेत, विशेषतः ‘ताकदीचे’ किंवा डोळ्यांत घालायचे म्हणून दिले जाणारे थेंब. काही थेंबांत कॉर्टिसोनसारखे स्टेरॉइड असते. पिसे झडणे लांबवून पक्षी शर्यतीला तयार दिसावा यासाठी ते वापरले जाते, पण त्याने रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि शर्यतीच्या नियमांतही ते बसत नाही. २०१३ मध्ये बेल्जियममधील कबुतरांचे नमुने दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगशाळेत पाठवले गेले, तेव्हा सहा पक्ष्यांत बंदी असलेली द्रव्ये सापडली: पाचांत वेदनाशामक आणि एकात चक्क कोकेन. वेष्टनावर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि मुदत नसेल तर ती बाटली दुकानातच ठेवावी.

शिवाय लांबच्या शर्यतीच्या दोन आठवडे आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात ताज्या विष्ठेची तपासणी करून घ्यावी. पक्ष्यात जंत किंवा कॉक्सिडिया असतील, तर करडई आणि शेंगदाण्याने भरलेली छातीही तीनशे किलोमीटरनंतर उतरलेलीच दिसेल.