कार्डाचे क्यू वाटणं: ओएसचं काम की आपलं?

सुदामानगरकर
इंदूरात एका छोट्या ब्रॉडबँडवाल्याचे सर्व्हर मी सांभाळतो. रंगपंचमीला गेर (रंगाची मिरवणूक) आटोपून लोक घरी पोचले, व्हिडिओ चढवायला लागले आणि आमचा फोन थांबेना. लाइन निम्मीही भरलेली नव्हती. टॉप (सर्व्हरवरचा भार दाखवणारी कमांड) उघडून १ दाबलं, तर प्रोसेसरच्या आठ कोअरपैकी पहिला शंभर टक्के आणि बाकीचे सात रिकामे.

नेटवर्क कार्डाला आठ क्यू, म्हणजे पॅकेटांच्या रांगा, आहेत आणि एक क्यू एक कोअर उपसतो, पण ग्राहकांकडून येणारं प्रत्येक पॅकेट क्यू शून्यातच पडत होतं. कार्ड आयपी आणि पोर्ट बघून हॅश, म्हणजे एक आकडा, काढतं, त्यावरून क्यू ठरतो. ग्राहक पीपीपीओईने जोडलेले, म्हणजे लॉगिन करून जोडायची पद्धत, ज्यात पॅकेटावर जास्तीचं वेष्टन चढतं. त्या वेष्टनाच्या आतला आयपी आमच्या कार्डाला दिसतच नाही. अपलोड तुंबलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही तुंबतात, म्हणून ग्राहकाला दोन्हीकडून त्रास.

शेवटी क्यू शून्याच्या आरपीएस-सीपीयूज फाइलीत एफएफ (म्हणजे आठही कोअर) लिहिलं आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. आरपीएस म्हणजे हीच वाटणी कर्नेलने (ओएसच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, गाभ्याने) सॉफ्टवेअरमध्ये करणं. लिनक्समध्ये ते २०१० पासून आहे, पण मुळात बंद असतं. एक कोअर जळतोय, सात बसलेत, हे ओएसला दिसत असतं. मग त्याने स्वतःहून का वाटू नये?

रामबाग_रूट
दादा, मला हे अजिबात पटत नाही. तुमच्याकडे हॅश चालत नव्हता म्हणून आरपीएस कामी आलं. जिथे कार्ड नीट वाटतंय, तिथे तेच पॅकेट पुन्हा दुसऱ्या कोअरकडे ढकलायचं म्हणजे फुकटचा इंटरप्ट (कोअरला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) आणि कॅशची (कोअरजवळच्या जलद मेमरीची) नासाडी. आणि एकच मोठं डाउनलोड चालू असेल तर एक कोअर तापणारच. एका कनेक्शनची पॅकेटं मागेपुढे होऊ नयेत म्हणून ती मुद्दाम एकाच क्यूत ठेवतात. ओएसने यातलं काय ओळखायचं? मशीन राउटर आहे की डेटाबेस, हे आपल्याला माहीत असतं. ज्याची मशीन त्याने ठरवावं.

बाकी, एफएफ नका ठेवू, एफई करा. कोअर शून्य आधीच इंटरप्ट झेलतोय, त्याला वाटणीतून वगळा.

सुदामानगरकर
एफई केलं, फरक दिसतोय. आभार. पण "ज्याची मशीन त्याने ठरवावं" हे ज्याला प्रोक-इंटरप्ट्स (कोणत्या कोअरवर किती इंटरप्ट आले ते सांगणारी फाइल) वाचता येतं त्याच्यापुरतं ठीक. आमच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी केबल ओढणारा मुलगाच सर्व्हरही बघतो. तो आधी क्यू वाढवेल, मग आयआरक्यूबॅलन्स चालू करेल. दोन्हीचा उपयोग शून्य, कारण आयआरक्यूबॅलन्स इंटरप्ट एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवतो, एका क्यूचे तुकडे करत नाही. त्या मुलाने जायचं कुठे?

टिळकनगर_नाइटशिफ्ट
मी दोघांच्याही बाजूने नाही. वाटणी आपोआप असो की हाताने, ती करायची जागा तरी एक असावी. लिनक्सवर क्यूंची संख्या इथटूल कमांडने, आरपीएस सिसएफएसच्या फाइलीत, आणि रीबूट झालं की दोन्ही पुसलं. टिकवायचं तर सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) लिंक फाइलीत क्यूंची संख्या लिहा; आरपीएसही तिथे लिहिता येतं, पण फक्त नव्या सिस्टमडीत, जुन्यात त्यासाठी वेगळा यूडेव्ह नियम (हार्डवेअर सापडलं की चालणारा) करा. फ्रीबीएसडी या ओएसवर आयफ्लिबचे (तिथल्या कार्ड-ड्रायव्हरांच्या सामायिक चौकटीचे) क्यू लोडर डॉट कॉन्फ या बूटच्या फाइलीत, म्हणजे बदलायचे तर मशीनच रीबूट. विंडोजवर पॉवरशेलची सेट-नेटअॅडॅप्टर-आरएसएस ही एक कमांड, आणि ती टिकते. या एका बाबतीत मला विंडोज सरस वाटतं.

रामबाग_रूट
जागा एक असावी, हे मान्य. इशारा द्यावा, हेही मान्य: "सगळी पॅकेटं एकाच क्यूत येताहेत" अशी एक ओळ डीमेसगमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) आली असती, तर सुदामानगरच्या दादांची दुपार वाचली असती. पण ओएसने आपण होऊन बदल करू नये, यावर मी ठाम आहे. आमच्याकडे एकाने रात्री आठ वाजता इथटूलने क्यू चारचे आठ केले. ड्रायव्हरने कार्ड रीसेट केलं, लिंक पडली, सगळी सेशन्स तुटली आणि सगळे राउटर एकदमच परत लॉगिन मागायला लागले. रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) सावरायला पाऊण तास गेला. तेच काम कर्नेलने न विचारता केलं असतं तर?

सुदामानगरकर
क्यूंच्या संख्येला कर्नेलने हात लावू नये, पटलं. पण आरपीएसला लिंक पाडावी लागत नाही. मी चालू सेशन्सवर केलं, एकही तुटलं नाही. तेवढं तरी कर्नेलने करावं, यावर मी अजून ठाम आहे.