गाडीच्या ॲपचे फुकटचे तीन वर्ष संपले, आता पैसे भरायचे का? अन् डीपीएफच्या लाईटचं काय करायचं?

पांदणवाला_२९ (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्याकडे डिझेल एसयूव्ही आहे, कंपनीचं नाव घेत नाही. शोरूमवाल्यानं जे जे दाखवून वरचं मॉडेल आमच्या गळ्यात मारलं त्यातलं अर्धं आता बंद होऊन राह्यलं. मोबाईलवरून एसी चालू करणं, गाडी कुठं उभी आहे ते नकाशावर पाहणं, दरवाजे लागले का ते घरूनच कळणं, अन् वर लाईटजवळचं ते लाल एसओएसचं बटण, हे सगळं गाडीत बसवलेल्या सिमवर चालते अन् ते तीनच वर्ष फुकट होतं. आता दर दोन दिवसाआड मेसेज, रिन्यू करा, वर्षाचे साडेतीन हजारांच्या घरात, वरून जीएसटी.

पैसे तर आहेतच, पण मले जास्त चीड याची येते की गाडी आपण घेतली, हप्ते आपण भरून राह्यलो, बटण आपल्या गाडीत आहे, त्याची वायर आपल्या गाडीत आहे, अन् ते चालू ठेवायचं की नाही हे कंपनी कुठंतरी दूर बसून ठरवते. त्यात आमच्या गावात टॉवर एक, लाईन गेली की थोड्या वेळात तोही गुल. वावरात गाडी उभी असली की ॲपवर 'वाहनाशी संपर्क होत नाही' एवढंच येते. म्हणजे तीन वर्ष फुकट होतं तेव्हाही अर्धं-मुर्धंच मिळालं.

मन अडते ते एसओएसवर. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, पावसाळ्यात तीच गाडी घेऊन जाते, मधात नाला लागते अन् रस्ता सुनसान. तिच्यासाठी भरावं का?

दुसरं, डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, पिवळा लाईट वारंवार लागते. सर्व्हिस सेंटर यवतमाळला, ते म्हणते हायवेवर फिरवून आणा. हायवे आमच्या दारात आहे का बाप्पा? आमचं चालणं गाव ते तालुका, त्यातही काही पांदण रस्ता, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जाणंच होत नाही.

अन् तिसरं, बाबांच्या जुन्या डिझेल जीपले लवकरच १५ वर्ष होतात. गावात सगळे सांगून राह्यले की आता भंगारात द्या. खरं आहे का?

---

मोर्शीचा_पुणेकर

भाऊ, तुमचा राग अगदी बरोबर आहे, अन् तो फक्त आपल्याकडचा नाही. बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायच्या सोयीले महिन्याचं भाडं लावलं होतं, इंग्लंडमध्ये महिन्याला १५ पौंड. हीटर सीटमध्ये आधीच बसवलेला, पैसे भरले तरच सुरू होणार. लोकांनी एवढी बोंब मारली की २०२३ मध्ये कंपनीनं ते गुंडाळलं. त्याच्या आधी ॲपल कारप्ले वापरायचे अमेरिकेत वर्षाला ८० डॉलर घेत होते, तेही २०१९ च्या शेवटी सोडावं लागलं. तरी बाकीचे शिकले नाहीत. मर्सिडीजनं २०२२ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप वाढवून द्यायचे वर्षाला १२०० डॉलर जाहीर केले, अन् फोक्सवॅगननं २०२५ मध्ये इंग्लंडात आयडी-३ च्या मोटरची पूर्ण ताकद पाहिजे असेल तर महिन्याला साडेसोळा पौंड. मोटर तीच!

माझ्या मते यात दोन गोष्टी वेगळ्या धरायला पाहिजे. सिमचा डेटा, सर्व्हर, कॉल सेंटरवर बसलेला माणूस, याचा खर्च कंपनीला दरवर्षी येतो, त्याचे रास्त पैसे मागितले तर समजू शकतो. पण जे सामान गाडीत बसवून गाडीच्या किमतीत आपल्याकडून वसूल केलं त्याला कुलूप लावून परत भाडं मागणं, ही सरळ लूट आहे. तुमचा मामला बराचसा पहिल्या प्रकारचा आहे, एसओएस सोडून. अपघातात माणूस वाचवायचं बटण पैशावर बंद-चालू होऊ नये असं माझं ठाम मत आहे. युरोपात २०१८ पासून नवीन मॉडेलच्या गाड्यांत अपघात झाला की आपोआप ११२ ला कॉल जाण्याची सोय सक्तीची आहे, अन् तिचे वर्षाचे पैसे कोणी मागत नाही. आपल्याकडे असं कधी होणार?

ॲप बंद झालं तरी काय चालू राहतं ते सांगतो. अँड्रॉइड ऑटो, ब्लूटूथ, मागचा कॅमेरा, चावीचं लॉक, हे सिमवर नाही, चालूच राहते. नकाशा तर आपण मोबाईलचाच वापरतो. एसओएस दाबलं की बऱ्याच गाड्यांत कॉल आधी कंपनीच्या कॉल सेंटरला जातो अन् तिथून मदत पाठवतात, तोही टॉवर असेल तरच. त्यापेक्षा वहिनींच्या मोबाईलमध्ये ११२ अन् १०८ हे नंबर सगळ्यात वर ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडून लागू शकतो, गाडीतल्या सिमच्या भरवशावर राहण्यापेक्षा ते बरं.

बुकिंगच्या कागदावर 'तीन वर्ष फुकट' असं स्पष्ट लिहून होतं का ते काढून पाहा. नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, तिथं तक्रार टाका.

---

गॅरेजवाला_आर्णी

पांदणवाले भाऊ डीपीएफची गोठ मी सांगतो, अशा गाड्या आमच्याकडे सारख्याच येऊन राह्यल्या अन् साऱ्या खेड्यातल्याच.

एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले तवापासून डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत ही जाळी असते. काजळी तिच्यात अडकते, अन् अडकलेली काजळी जाळायले धूर सहाशे डिग्रीच्या आसपास गरम व्हावा लागते. शहरातला माणूस निदान आठवड्यातून एकदा तं हायवे धरते, म्हणून त्याले समजतच नाही. आपण गाव ते तालुका गेलो की इंजिन जेमतेम गरम झालं का बंद केलं, काजळी जिथल्या तिथं. गाडी बनवणाऱ्यानं पांदण पाह्यलीच नाही, तुमची काही चूक नाही त्यात.

पिवळा लाईट लागला की घाबरू नोका पण टाळू बी नोका. यवतमाळ-आर्णी ३६१ नंबर हायवे आता मस्त झाला, त्याच्यावर घ्या, साठच्या वर, एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजाराच्या वर राहू द्या, वीस-पंचवीस मिनिट न थांबता. मधात चहाले थांबून इंजिन बंद केलं की झालं, पुन्हा पह्यल्यापासून. लाईट गेला की समजा जळली. लाईट तसाच ठेवून फिरले तं गाडी ताकद कमी करते, मंग स्कॅनर लावून जबरदस्तीनं जाळा लागते, अन् तेवढ्यानंही नाही भागलं तं जाळीचा खर्च ऐकूनच माणूस खाली बसते.

एक गोष्ट घरीच पाहात जा. सकाळी थंड इंजिनची तेलाची दांडी काढा, पुसून परत टाकून काढा. तेल वरच्या खुणेच्या वर चढलेलं दिसलं, अन् दोन बोटात चोळलं तं पातळ लागलं अन् डिझेलचा वास आला, तं समजा काजळी जाळायसाठी गाडीनं जास्तीचं डिझेल मारलं अन् ते अर्धवट राहून तेलात उतरलं. मंग किलोमीटर पाहात बसू नोका, तेल बदला, अन् पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं.

काही पोट्टे जाळी काढून सॉफ्टवेअर मारून देतो म्हणते. करू नोका. नियमाच्या बाहेर आहे ते, वॉरंटीही जाते.

अन् ज्यांच्या मोठ्या गाडीत डीईएफ लागते, म्हणजे ते युरियाचं पाणी, त्यांनी कृषी केंद्रातला युरिया घोळून टाकायचं मनातही आणू नोका. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया अन् क्षार काढलेलं पाणी असते. आपल्या वावरातला युरिया २०१५ पासून सगळा नीमकोटेड, ते तेल अन् बाकीचा कचरा आत जाऊन बसते अन् सगळी सिस्टीम जाते. असं करून आणलेली गाडी मी पाह्यली हाय, पंपापासून इंजेक्टरपर्यंत पांढरे खडे जमले होते. कास्तकाराचे पैसे असे गेलेले पाहून लय वाईट वाटते.

---

सेतूवाली_ताई

जीपबद्दल मी लिहिते, माझं कामच कागदपत्रांचं आहे.

१५ वर्षं झाली म्हणून आपल्याकडे गाडी भंगारात द्यावी लागत नाही. १० वर्षांची डिझेल अन् १५ वर्षांची पेट्रोल ही भानगड दिल्ली-एनसीआरची आहे, व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आपल्या गावात आली. अन् या भीतीपोटी लोक चांगल्या गाड्या कवडीमोल देऊन टाकतात, दलाल तेच सांगत फिरतात, म्हणून मुद्दाम ठासून लिहिते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षं वाढवून मिळते. फॉर्म २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. कारची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये, गाडी २० वर्षांच्या वर गेली की ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. उशीर केला तर महिन्याला ५०० जास्तीचे. त्यावर पर्यावरण कर वेगळा. विमा अन् पीयूसी चालू पाहिजे.

तपासणीला जाण्याआधी जीपखालचा चेसिस नंबर साफ करून घ्या दादा. आपली काळी माती तिथं सिमेंटासारखी बसलेली असते. रॉकेल नाहीतर डिझेलचा बोळा घेऊन हळू पुसायचा, लोखंडी ब्रश घासायचा नाही, अक्षरं जातात. नंबर स्पष्ट झाला की पेन्सिलनं त्याचा छाप घेतात, तो छाप उमटला नाही तर दिवस वाया अन् परत दुसरी तारीख.

आता नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी लागते, ट्रॅक्टर अन् दुचाकी धरून. ट्रॅक्टर-दुचाकीला ४५० अधिक जीएसटी म्हणजे ५३१, कारला ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर अशी सरकत गेली. लोक आळशी म्हणून नाही सरकली, बसवायची केंद्रं पुरेशी नव्हती म्हणून. माझ्याकडे म्हातारे कास्तकार यायचे, ऐन पेरणीत तारीख मिळालेली, ट्रॅक्टर चालवत तालुक्याला जायचं, जाऊन-येऊन अख्खा दिवस अन् वरून डिझेल, अन् तिथं गेल्यावर 'तुमची प्लेट अजून आली नाही'. ज्यानं हे ठरवलं त्यानं एकदा तरी ट्रॅक्टरवर बसून तेवढं अंतर जायला पाहिजे होतं. प्लेट नसेल तर आरटीओत नाव बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं ही कामं अडतात, म्हणून जीपचं आधी तेवढं उरका.

अन् बुकिंगच्या आधी आरसीवरचा मोबाईल नंबर बदलून घ्या. निम्म्या लोकांचा नंबर शोरूमवाल्यानं त्या वेळी स्वतःचाच टाकलेला असतो, ओटीपी कोणाला जातो पत्ताच नसतो.

---

संत्रावाला_वरुड

मी थोडं वेगळं सांगतो. मी ॲपचे पैसे भरतो. गाडी मुनीम नेतो, ड्रायव्हर नेतो, मंडीत जाते, कधी पोट्टे लग्नाला नेतात, गाडी कुठं आहे हे मले बसल्या जागी दिसते अन् रात्रीची झोप लागते. ज्याची गाडी चार हातात फिरते त्याले हे फालतू नाही. पण नुसतं लोकेशनच पाहिजे असेल तर बाहेर जीपीएस ट्रॅकर मिळते, त्यात आपलं सिम टाकायचं, कंपनीच्या पॅकपेक्षा पुष्कळ स्वस्तात पडते. फक्त वायर कापून लावू देऊ नका, प्लगवाला घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद घालतात.

अन् जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी पह्यले मालकाचं खातं ॲपमधून काढलं का ते पाहाच. नाहीतर तुमची गाडी कुठं फिरून राह्यली ते त्याले दिसते, काही गाड्यांत तर दरवाजाही तोच उघडू शकते.

---

पांदणवाला_२९

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आज ३६१ वर नेली गाडी, गॅरेजवाले भाऊंनी सांगितलं तशीच चालवली, लाईट गेला. तेलाची दांडी पाह्यली, तेल वरच्या खुणेच्या थोडं वर आहे अन् वास येऊन राह्यला, म्हणजे बदलावंच लागणार.

ॲप नाही भरत. बुकिंगचा कागद काढला, त्यात 'कनेक्टेड फीचर्स' एवढंच आहे, वर्षाचा उल्लेख कुठंच नाही. तो फोटो लावून कंपनीला मेल टाकला, की बाकीचं बंद करायचं ते करा पण एसओएस गाडीच्या आयुष्यभर चालू ठेवा, उत्तर नाही आलं तर १९१५ वर टाकतो. ज्यांचं असंच संपून राह्यलं त्यांनीही टाका, एकाच्या मेलनं कोणी हालत नाही.

एकच विचारायचं राह्यलं. फास्टॅगचा तो वार्षिक पास घ्यावा का? नागपूरले दवाखान्यात जाणं वाढलं आहे, कधी यवतमाळवरून जातो, कधी कारंजाहून समृद्धीनं.

---

सेतूवाली_ताई

दादा, पास ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हापासून तो राष्ट्रीय महामार्गावरच्याच टोलला चालतो, २०० फेऱ्या नाहीतर एक वर्ष, जे आधी संपेल ते. यवतमाळ-वर्धा-बुटीबोरी रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तिकडून नेहमी जात असाल तर घ्या. समृद्धी राज्याची आहे, तिथं पास चालत नाही, टॅगमधून नेहमीसारखे पैसे कटतात. अन् काचेवरचा टॅग गाडीच्या नंबरलाच जोडलेला आहे का ते आधी बघा, चेसिस नंबरवर काढलेल्या टॅगवर पास मिळत नाही.

---

मोर्शीचा_पुणेकर

मेलचा मजकूर इथं टाका ना भाऊ. माझ्या काकांच्या गाडीचं पण जानेवारीत संपतंय, त्यांच्या नावानं मी पाठवतो.