महागड्या पॉवर टूल्सवर सवलतींचे युद्ध: लहान दुकानदाराने भाव उतरवावा का?

कोनमापक

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी पॉवर टूल्सचे एक लहान दुकान चालवतो. दुकानात मी, एक मदतनीस आणि दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा एक जुना कारागीर, इतकाच संसार आहे. सुरुवातीपासून मी वरच्या दर्जाचीच यंत्रे ठेवली, कारण ती विकताना समजावून सांगावे लागते आणि ते काम आम्हाला चांगले जमते.

गेल्या काही महिन्यांपासून परिस्थिती बिघडली आहे. मी ज्या कंपनीचा माल प्रामुख्याने विकतो, तिच्याच 18 व्होल्टच्या ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरचा भाव एका मोठ्या साखळी दुकानाने आणि दोन ऑनलाइन विक्रेत्यांनी इतका खाली आणला आहे, की काही नगांच्या बाबतीत त्यांची विक्री किंमत माझ्या खरेदी किमतीपेक्षाही कमी आहे. ग्राहक माझ्याकडे येतात, यंत्र हातात धरून वजन पाहतात, अर्धा तास प्रश्न विचारतात, मॉडेल क्रमांकाचा फोटो काढतात आणि तिकडून मागवतात. दोन महिन्यांनी कार्बन ब्रश (मोटरमधले झिजणारे कार्बनचे तुकडे) बदलायला मात्र तेच यंत्र माझ्या टेबलावर येते. कंपनीच्या प्रतिनिधीला विचारले, तर तो बाजाराकडे बोट दाखवून मोकळा होतो.

माझ्यापुढे तीन मार्ग दिसतात: त्यांच्या भावाला भाव लावणे, कंपनीकडे लेखी तक्रार करून किमान विक्री किंमत ठरवण्याची मागणी करणे, किंवा हा ब्रँडच सोडून देणे. ज्यांनी अशी वेळ पाहिली आहे, त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे.

पडताभाव

पहिल्या मार्गाचा हिशेब आधी कागदावर मांडा, म्हणजे मनातली घालमेल निम्मी कमी होईल. समजा, एखादी वस्तू तुम्हाला 80 ला पडते आणि तुम्ही ती 100 ला विकता. भाव 10 टक्के उतरवला की हातात 20 ऐवजी 10 उरतात, म्हणजे पूर्वीइतकेच ढोबळ उत्पन्न मिळवायला विक्री दुप्पट व्हायला हवी. तीन माणसांच्या दुकानात ड्रिलची विक्री दुप्पट होणे मला तरी शक्य वाटत नाही.

हाच हिशेब उलट बाजूनेही वाचता येतो, आणि तो फारसे कोणी वाचत नाही. भाव न उतरवल्यामुळे निम्मे ग्राहक गेले तरीही, भाव उतरवून सगळे ग्राहक टिकवल्यावर जे उरले असते, तितकेच तुमच्याकडे उरते. शिवाय मालात अडकणारे भांडवल निम्मे होते आणि समजावण्यात जाणारा वेळ वाचतो. तुमचे निम्मे ग्राहक खरोखरच गेले आहेत का, हे बिलांच्या वहीतून काढा. जे ग्राहक जातात ते आपल्याला दिसतात आणि जे घासाघीस न करता घेऊन जातात ते लक्षात राहत नाहीत, त्यामुळे अंदाजावर विसंबू नका.

जुनावितरक

मी दीर्घ काळ या व्यवसायाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे वितरकाच्या गोदामात, काढला आहे. माझ्या मते आपण विचारलेल्या तीन प्रश्नांच्या आधी एक प्रश्न यायला हवा: समोरच्याने दिलेली सवलत कोणाच्या पैशातून आली आहे? खरेदी किमतीपेक्षा खाली विकणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून देत नसतो. पैसा कुठून येतो हे कळले, की त्याला उत्तर द्यायचे की दुर्लक्ष करायचे हे ठरवणे सोपे जाते.

सर्वात मोठा स्रोत म्हणजे वार्षिक लक्ष्यावर मिळणारा परतावा. बिलावर दिसणारा भाव हा खरा पडता भाव नसतोच. वर्षाची खरेदी ठरावीक आकड्यापलीकडे गेली की संपूर्ण खरेदीवर काही टक्क्यांची क्रेडिट नोट, म्हणजे पुढच्या बिलांतून वजा होणारी रक्कम, मिळते. समजा, लक्ष्य 1000 चे आहे, 950 ची खरेदी झाली आहे आणि परतावा 4 टक्के आहे. उरलेला 50 चा माल उचलून तो 20 टक्के तोट्यात फुंकला, तर नुकसान 10 चे होते आणि परतावा मात्र 40 चा मिळतो. असा विक्रेता तोट्यात विकूनही 30 ने वर असतो. म्हणूनच तिमाहीच्या आणि वर्षाच्या शेवटी भाव सर्वाधिक कोसळतात. ही सवलत टिकाऊ नसते, त्यामुळे त्या आठवड्यांत आपला माल तसाच ठेवून गप्प बसणे हेच उत्तम.

दुसरा स्रोत संच फोडण्याचा आहे. कॉर्डलेस यंत्रांचा सगळा धंदा बॅटरीभोवती फिरतो. ग्राहकाने एकदा एका कंपनीची बॅटरी आणि चार्जर घेतला की पुढची करवत, ग्राइंडर, सँडर तो त्याच कंपनीचे घेतो, म्हणून कंपन्या दोन यंत्रे, दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांचा संच मुद्दाम स्वस्त ठेवतात. सुट्या बॅटरीचा छापील भाव मात्र चढा असतो. काही विक्रेते संच विकत घेतात, बॅटऱ्या वेगळ्या काढून चांगल्या भावाने विकतात आणि उरलेले नुसते यंत्र आपल्या खरेदी किमतीखाली काढून टाकतात. आपण नुसत्या यंत्राचा भाव पाहून हताश होतो, पण त्यांचा नफा बॅटरीत निघालेला असतो. येथे उत्तर देता येते: आपणही संचच घ्यावा आणि ग्राहकाला हवे तसे भाग करून द्यावेत, मात्र वितरकाशी झालेल्या करारात त्याला मनाई नाही ना, हे आधी वाचून घ्यावे.

तिसरा प्रकार सर्वांना माहीत आहे. साखळी दुकान जाहिरातीतले एक-दोन नग तोट्यात देते आणि आत आलेल्या माणसाकडून ड्रिल बिट, कटिंग डिस्क, हातमोजे आणि रंग यांवर वसूल करते. जुने मॉडेल बंद होताना कंपनी स्वतःच विक्रेत्यांना भावातली तूट भरून देते, हा चौथा. पाचवा म्हणजे दुसऱ्या देशासाठी पाठवलेला माल आडमार्गाने येणे. त्यावर स्थानिक वॉरंटी बहुधा लागू होत नाही आणि चार्जरचा प्लगही कधीकधी वेगळा असतो.

किमान विक्री किमतीच्या मागणीबद्दल एक सावधगिरी सांगतो. पुनर्विक्रीची किमान किंमत उत्पादकाने बांधून देणे, याकडे कायदा सर्वत्र सारख्या नजरेने पाहत नाही. अमेरिकेत 1911 च्या डॉ. माइल्स खटल्यापासून असा करार मुळातच बेकायदा मानला जात असे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये लीगिन खटल्यात तो नियम बदलला आणि प्रत्येक प्रकरणात स्पर्धेवर काय परिणाम होतो ते तपासावे असे म्हटले. युरोपीय संघात मात्र ही गोष्ट आजही गंभीर निर्बंधांत मोडते. त्यामुळे तुमच्या कंपनीचा प्रतिनिधी अंग काढून घेतो, ते दर वेळी टाळाटाळ म्हणून नसते. मागायचेच असेल तर भावाचे संरक्षण मागा: कंपनीने भाव उतरवला, तर आपल्याकडे पडून असलेल्या मालावरील फरकाची क्रेडिट नोट आणि न खपलेला माल परत घेण्याची मुदत.

रंधाकाम

मी दुकानदार नाही, फर्निचरचे काम करतो आणि आपल्या तक्रारीतला तो फोटो काढणारा ग्राहक कधीकाळी मीही होतो. म्हणून समोरची बाजू सांगतो. मी एकदा सवलतीत मिळाला म्हणून ड्रिलचा संच ऑनलाइन घेतला. नाव तेच, रंग तोच, पण आलेल्या बॅटऱ्या 2 अँपिअर-अवरच्या होत्या आणि दुकानात पाहिलेल्या 5 च्या. 18 व्होल्टने गुणले तर एकीकडे 36 वॉट-अवर आणि दुसरीकडे 90. दिवसभराच्या कामात हा फरक दर तासाला जाणवतो. मोटरही कार्बन ब्रशची निघाली, ब्रशलेस, म्हणजे असे ब्रश नसलेली, नव्हे. फसवणूक म्हणता येणार नाही, सगळे पानावर लिहिलेले होते, मीच वाचले नव्हते.

माझी विनंती इतकीच आहे, की हे आम्हाला दुकानात स्पष्ट सांगा, पण टोमणा न मारता सांगा. स्वस्त भाव दाखवल्यावर ज्या दुकानदाराने चेहरा पाडला त्याच्याकडे मी परत गेलो नाही. ज्याने माझ्या मोबाइलवरचे पान शांतपणे वाचून तीन फरक दाखवले आणि चौथ्या मॉडेलच्या बाबतीत तेथूनच घ्या, मला इतके परवडत नाही, असे सांगितले, त्याच्याकडून मी आजवर करवतीची पाती, सँडिंगचे कागद आणि एक ट्रॅक सॉ घेतली आहे. मशीन बिघडले तर दुरुस्ती होईपर्यंत तो दुसरे वापरायला देतो. माझा एक दिवस बुडाला तर सवलतीत वाचलेले सगळे जाते, म्हणून त्याचा थोडा जास्त भाव मला कधीच खटकला नाही.

लोखंडीसामान

एवढा विचार कशाला? आसपासच्या सर्व लहान दुकानदारांनी एकत्र बसून एकच भाव ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये. आमच्या काही वस्तूंबाबत आम्ही असे केले होते आणि ते वर्षभर टिकले.

जुनावितरक

कृपया असे करू नका आणि ते लिहून तर मुळीच ठेवू नका. स्पर्धक विक्रेत्यांनी आपसांत भाव ठरवणे म्हणजे कार्टेल, आणि स्पर्धा कायदा असलेल्या जवळजवळ प्रत्येक देशात त्याला दंड आहे. दुकाने लहान आहेत ही सबब त्यात सहसा चालत नाही. शिवाय जे साखळी दुकान भाव पाडते आहे ते तुमच्या बैठकीला येणारच नाही, मग त्याचा उपयोग काय? एकत्र यायचेच असेल तर खरेदीसाठी या. पाच-सहा दुकानांनी मिळून खरेदी केली तर मी वर सांगितलेल्या परताव्याच्या वरच्या टप्प्यापर्यंत पोहोचता येते. असे खरेदी गट अनेक देशांत उघडपणे चालतात. विक्रीचा भाव मात्र प्रत्येकाने आपापला ठरवायचा.

कोनमापक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून बिले आणि त्या विक्रेत्यांची पाने शेजारी ठेवून तपासली. साखळी दुकानाच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटची दोन अक्षरे माझ्याकडच्या यंत्रापेक्षा वेगळी आहेत आणि त्या संचात छोट्या बॅटऱ्या आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे फक्त नुसते यंत्र आहे आणि त्याच्याच पानावर खाली सुट्या बॅटऱ्यांचा ढीग विक्रीला आहे, म्हणजे जुनावितरक यांनी सांगितलेला संच फोडण्याचाच प्रकार दिसतो. दुसऱ्या विक्रेत्याचे मात्र मला उत्तर सापडले नाही. त्याचा माल अगदी माझ्यासारखाच आहे.

पडताभाव यांच्या सांगण्यावरून ग्राहकही मोजले. ड्रिलची विक्री जवळपास एक तृतीयांशाने घटली आहे, पण दुरुस्ती, डिस्क आणि बिट यांचे उत्पन्न घटलेले नाही, उलट थोडे वाढले आहे. बाहेरून घेतलेली यंत्रेही शेवटी माझ्याच टेबलावर येतात, हे मी इतके दिवस अपमान म्हणून पाहत होतो. आता दुरुस्तीचा दर दोन प्रकारचा ठेवण्याचा विचार आहे: माझ्याकडून घेतलेल्या यंत्राची पहिल्या वर्षी तपासणी विनामूल्य आणि इतरांसाठी तपासणीचे शुल्क, जे दुरुस्ती केल्यास बिलातून वजा होईल. ब्रँड सोडत नाही. मात्र सवलतीच्या मोहात आधीच उचललेल्या चोवीस बॅटऱ्या गोदामात पडून आहेत, त्यांचे काय करावे?

पडताभाव

त्या आधी काढा, मग भले नफा कमी मिळो. ड्रिल दोन वर्षे खोक्यात राहिले तर फारसे बिघडत नाही, पण लिथियम-आयन सेल वापर न करताही म्हातारे होतात, उष्णतेत तर अधिक लवकर. खोक्यावरची किंवा बॅटरीवरची उत्पादनाची तारीख पाहून सर्वात जुन्या पुढे मांडा. पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण रिकाम्या करून ठेवू नका. साधारण अर्ध्या चार्जवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि काही महिन्यांनी एकदा तपासा.

त्या दुसऱ्या विक्रेत्याकडून स्वतः एक नग मागवून पाहा. सीरियल क्रमांकावरून तो माल कोणत्या बाजारासाठी निघाला होता, हे तुमच्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाला सांगता येईल.