मदत हवी आहे: पोर्टच्या दिवशी ड्रिल आणि विश्रांतीचे तास कसे जुळवता?

क्रूझ जहाज, 4-8, 8-12, 12-4 अशा तीन वॉच (पाळ्या, प्रत्येक दिवसा आणि रात्री एकदा). मेडिटेरेनियनमधला नेहमीचा दिवस: बंदराचा पायलट (वाट दाखवणारा) पहाटे 5 ला, 6.30 ला दोर बांधून पूर्ण, संध्याकाळी 6 ला निघणं. क्रू ड्रिल (आणीबाणीचा सराव) सकाळी 10 ला.

एसटीसीडब्ल्यूप्रमाणे (खलाशांच्या प्रशिक्षण आणि वॉचचे आंतरराष्ट्रीय नियम) 24 तासांत 10 तास विश्रांती, जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, एक तुकडा किमान 6 तासांचा. 12-4 वाला पहाटे 4.30 ला आडवा होतो आणि ड्रिलसाठी साडेपाच तासांतच उठतो. दुपारची वॉच, लगेच मागचं मूरिंग स्टेशन (निघताना जहाजाच्या मागच्या टोकाला दोर सोडायचं काम). पुढे संध्याकाळी 7 ते 11.30 झोप. बेरीज बरोबर 10, पण सहाचा तुकडाच नाही, म्हणजे विश्रांतीचे तास नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाल. ड्रिल 10.30 ला नेलं की तो सुटतो.

मग 4-8 वाला अडकतो. रात्री 8.30 ते 3.30, सात तास. ड्रिलला जोडून पाण्याकडची (धक्क्याच्या उलट बाजूची) लाइफबोट उतरवली (तीन महिन्यांतून एकदा पाण्यात चालवावीच लागते) की तो दुपारी 1 ला मोकळा, 3.30 ला परत तयार. एकूण साडेनऊ. सकाळी 8 नंतरची मोकळीक तिसरा तुकडा ठरते, धरता येत नाही.

बोट सकाळी 8 लाच उतरवता का? तेव्हा डेकवरची माणसं गँगवेत (चढण्या-उतरण्याच्या शिडीवर) गुंतलेली असतात. की निघतानाच्या स्टँडबायला (बंदर सोडतानाच्या ड्यूटीला) 4-8 वाल्याऐवजी 8-12 वाल्याला ब्रिजवर घेता? प्रत्यक्ष वेळांसकट सांगा. ‘कागदावर बसवा’ हा सल्ला नको, तो आधीच मिळालाय.