‘एआय-मुक्त’ शिक्का म्हणे! मारायचा कोणी, तपासायचा कोणी?

वीसचा_फासा: परवा इथे एका महाभागाने लिहिलं, ‘ज्या आरपीजीवर, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पुस्तकावर, एआय-मुक्त असा शिक्का नाही तो मी घेणार नाही, शिक्का टाळणारे सगळे चोर.’ डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

दोन वर्षं खपून मी अशा खेळासाठी सोळा पानांचं साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, लिहिलं. कोकणातला वेताळ, पडका वाडा. नकाशे ग्राफपेपरवर हाताने काढले. पहिलीच प्रतिक्रिया: ‘जिना कुठेच जात नाही, एआय दिसतंय.’ अहो, जिना चुकला कारण मला जिना काढता येत नाही! शेवटी चहाचा डाग पडलेल्या मूळ कागदाचा फोटो टाकावा लागला. ज्याने एआय वापरलं त्याने सांगावं ना. ड्राइव्हथ्रूआरपीजी ही असली पुस्तकं विकणारी साइट आणि किकस्टार्टर ही लोकवर्गणीची साइट २०२३ पासून तेच सांगायला लावतात. न वापरणाऱ्याने कशाला टिळा लावून फिरायचं?

कुंचला: तुम्हाला एक प्रतिक्रिया झोंबली, माझी तीन कामं गेली. एका प्रकाशकाने एआयचं चित्र पाठवून ‘फक्त बोटं नीट करून द्या’ म्हटलं, पाव दरात. सहा बोटांची चेटकीण होती. आणि हो, त्या पुस्तकावर एआयचा उल्लेख कुठेही नाही. सांगायला लावून कोण सांगतं हो? पायझो या आरपीजी प्रकाशकाने मार्च २०२३ मध्येच ‘काम माणसाचंच हवं’ अशी अट करारात घालायचं जाहीर केलं, त्यांचं काही अडलं का?

खवचट_काका: शिक्क्याने काय होतं? पेटीवर ‘देवगड’ छापलेलं असतं, आत कर्नाटकचा आंबा.

बागायतदार_पोरगा: काका, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. आमची बाग आहे. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे माल कुठला ते सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी बाजारात वरचा थर आमचा आणि खाली भलताच माल. गिऱ्हाईक शिव्या मात्र देवगडला घालतं.

खवचट_काका: तरी रत्नागिरीची सर नाहीच.

बागायतदार_पोरगा: साल बघा आधी! पातळ साल कोणाची?

खवचट_काका: सालच खायची तर बकरी पाळा. जीआय पाच जिल्ह्यांना आहे, पालघरलासुद्धा. उगाच मिरवू नका.

बागायतदार_पोरगा: दोन वर्षं मोहोर गळाला तेव्हा कुठे होतात? बकरी म्हणे. तोंड सांभाळा.

गुळपोळी: आंबे आवरा! माझा साधा प्रश्न आहे. माझं इंग्रजी कच्चं, मी मराठीत लिहून एआयकडून इंग्रजी करून घेते. राक्षस माझा, सापळे माझे, कोडी माझी. मी मुक्त की बाटलेली?

कुंचला: ताई, अनुवादकालाही पोट असतं.

गुळपोळी: वीस प्रती खपतात हो माझ्या! अनुवादकाला काय सापळे देऊ?

वीसचा_फासा: हेच म्हणतोय, रेघ कुठे मारणार? जानेवारी २०२४ मध्ये विझार्ड्स या खेळांच्या कंपनीने आपल्या मॅजिक या खेळाच्या पत्त्यांची जाहिरात टाकली. लोकांनी शंका काढली, तर कंपनी ठामपणे म्हणाली चित्र माणसाचंच. दोन-तीन दिवसांत कबूल केलं की काही भाग एआयचा आहे. चित्र बाहेरून करून घेतलेलं, यांना पत्ताच नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर तुमचा शिक्का तपासणार कोण?

कुंचला: पकडलं कोणी? लोकांनीच ना? ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंपनीच्या डी अँड डी या आरपीजीच्या महाकायांवरच्या पुस्तकातली एआयची चित्रंही वाचकांनीच ओळखली, मग कंपनीने चित्रकारांसाठीचे नियम बदलले. शिक्का म्हणजे लेखी शब्द. खोटा निघाला तर गचांडी धरता येते. गप्प बसलेल्याची काय धरणार?

वीसचा_फासा: आणि आमच्यासारख्यांवर रोज उलटतपासणी?

कुंचला: माझी चित्राची फाइल लेयरसकट, म्हणजे सुट्या थरांसकट, मागतात, मी देते. तुम्ही कागद दाखवलात, मेलात का?

वीसचा_फासा: बरं बाई. खोटं निघालं तर पैसे परत, असं शिक्क्याखाली छापायची सगळ्यांची तयारी असेल तर मीही छापतो. शेजारी चहाचा डागही छापेन. आणि गुळपोळीताईंना ‘राक्षस स्वतःचा, इंग्रजी उसनं’ असा वेगळा शिक्का.

गुळपोळी: चालेल! पण मग तुमच्या वेताळाचंही भाषांतर कुणाकडून केलंत ते सांगा.

वीसचा_फासा: बायकोकडून. फुकट.

कुंचला: ही तर त्याहून मोठी चोरी.

खवचट_काका: लिंक द्या त्या वेताळाची. जिना दुरुस्त केलात का?

वीसचा_फासा: नाही.